जावास्क्रिप्टमधला कंट्रोल फ्लो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इफ, फॉर आणि व्हाइल कसे लिहायचे हे कुठल्याही क्लासमध्ये सुरुवातीलाच शिकवतात. शिकणारे अडतात ते त्यानंतर. कोड बरोबर दिसतो, कन्सोलमध्ये एकही लाल ओळ नसते, तरी भलतीच शाखा चालते, किंवा सर्व्हरचं उत्तर यायच्या आधीच पुढची ओळ धावून मोकळी होते. अशा वेळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे घेतले आहेत. कोड ज्या क्रमाने लिहिला आहे त्याच क्रमाने तो चालेल असं नाही. तो कधी चालेल हे ठरवणारे नियम मात्र थोडे आहेत आणि पक्के आहेत.

एक सूचना: वाचायला सोपं जावं म्हणून कीवर्ड देवनागरीत लिहिले आहेत. प्रत्यक्ष प्रोग्राममध्ये ते रोमन लिपीतच, छोट्या अक्षरांत लिहावे लागतात. 'वय', 'गुण' अशी व्हेरिएबलची नावं मात्र देवनागरीत दिली तरी जावास्क्रिप्ट ती मुकाट स्वीकारते.

कंट्रोल फ्लो म्हणजे नेमकं काय?

पुढची कोणती ओळ चालणार, याचा हिशेब. काहीच सांगितलं नाही तर ओळी वरून खाली चालतात. अट आली की वाट फुटते, लूप आला की तोच भाग पुन्हा चालतो, फंक्शन कॉल केलं की तिकडे जाऊन परत यावं लागतं, आणि एरर फेकली गेली की मधलं सगळं सोडून जवळच्या कॅचकडे, म्हणजे एरर पकडणाऱ्या भागाकडे, उडी पडते. ब्रेंडन आइक यांनी मे 1995 मध्ये नेटस्केपमध्ये ही भाषा दहा दिवसांत उभी केली तेव्हा इफ, फॉर, व्हाइल यांची मांडणी सी आणि जावा या भाषांच्या वळणाची ठेवली. स्विच, डू-व्हाइल आणि ट्राय-कॅच प्रमाणित भाषेत आले ते 1999 च्या तिसऱ्या आवृत्तीत. प्रॉमिस (नंतर येणाऱ्या उत्तराची जागा धरणारं ऑब्जेक्ट) 2015 ला आलं आणि असिंक-अवेट (त्या उत्तराची वाट पाहायला लावणारे कीवर्ड) 2017 ला. आजच्या बहुतेक अडचणी या शेवटच्या दोघांभोवतीच्या आहेत, म्हणून या पानाचा मोठा भाग त्यांनाच दिला आहे.

इफमधली अट खरी की खोटी, हे कसं ठरतं?

खोट्या धरल्या जाणाऱ्या किमती मोजक्या आहेत: फॉल्स, 0 (उणे शून्य आणि बिगइंट या मोठ्या पूर्णांकांच्या प्रकारातलं शून्यही), रिकामी स्ट्रिंग, नल, अनडिफाइन्ड आणि नॅन ('ही संख्या नाही' असं सांगणारी किंमत). ब्राउझरमधला 'डॉक्युमेंट.ऑल' हा जुन्या काळातला एक अपवाद सोडला, तर बाकी सगळं खरं. रिकामा ॲरेसुद्धा खरा आणि "0" ही स्ट्रिंगसुद्धा खरी. पीएचपी लिहिणाऱ्यांनी इथे विशेष जपावं, कारण तिथे या दोन्ही गोष्टी खोट्या असतात. यादी रिकामी आहे का ते पाहायचं असेल तर ॲरेची लांबी तपासा, नुसता ॲरे इफमध्ये देऊ नका.

दोन बरोबर चिन्हं (==) वापरली तर जावास्क्रिप्ट प्रकार बदलून तुलना करते, आणि मग रिकामा ॲरे == फॉल्स हे खरं निघतं, जरी तोच ॲरे इफमध्ये खरा ठरत असला तरी. हे नियम पाठ करण्यात वेळ घालवू नका. तीन बरोबर चिन्हं (===) वापरायची सवय लावा.

वयाची अट बरोबर आहे, तरी कोड एल्समध्येच का जातो?

हा प्रश्न मराठी फॉर्म बनवणाऱ्यांना हमखास पडतो. वापरणाऱ्याने खोक्यात "१८" असं देवनागरी अंकांत लिहिलं, तर जावास्क्रिप्ट त्याचं संख्येत रूपांतर करू शकत नाही. नंबर फंक्शनकडून नॅन मिळतं. नॅनशी केलेली कुठलीही लहान-मोठेपणाची तुलना खोटी असते. 'वय >= 18' खोटं आणि 'वय < 18' हेही खोटं. त्यामुळे कोड निमूट एल्समध्ये जातो, एरर येत नाही, आणि अठरा वर्षांच्या माणसाला 'तुम्ही पात्र नाही' असा निरोप दिसतो.

हीच गोष्ट उलट बाजूनेही होते. मराठी लोकॅल (कोणत्या भाषेच्या पद्धतीने दाखवायचं ती खूण) देऊन संख्या छापली की ती "१,२३,४५६" अशी देवनागरीत येते. छापलेला तोच मजकूर पानावरून वाचून पुन्हा हिशेबाला घेतला, की नॅन. म्हणून मूळ संख्या व्हेरिएबलमध्ये जपा आणि देवनागरी रूप फक्त दाखवण्यापुरतं ठेवा. वापरणाऱ्याकडून येणारे अंक आधी बदलून घ्या. युनिकोडमध्ये ० चा क्रमांक 2406 आहे आणि पुढचे नऊ अंक ओळीने येतात, म्हणजे प्रत्येक अंकाच्या क्रमांकातून 2406 वजा केले की काम होतं. त्यानंतर 'नंबर.इजनॅन'ची तपासणी सर्वांत आधी ठेवा. चुकीची नोंद आणि कमी वय या दोन वेगळ्या वाटा आहेत, त्या एका एल्समध्ये कोंबू नयेत. मराठी माणसाने मराठी अंक लिहिले म्हणून त्याला अडवणारा फॉर्म हा अपुरा फॉर्म आहे, असं माझं ठाम मत आहे.

खोक्यातून येणारी किंमत नेहमी स्ट्रिंग असते हेही लक्षात असू द्या. दोन स्ट्रिंगची तुलना अक्षरांनी होते, त्यामुळे "10" < "9" हे खरं ठरतं.

18 <= वय <= 60 असं लिहिलं तर?

नेहमी खरं. आधी '18 <= वय' सोडवलं जातं, त्याचं उत्तर ट्रू किंवा फॉल्स, तुलनेपुरतं ते 1 किंवा 0, आणि दोन्ही 60 पेक्षा लहानच. दोन अटी वेगळ्या लिहून && ने जोडा.

स्विचमध्ये माझी केस का जुळत नाही?

स्विच तीन बरोबर चिन्हांसारखी काटेकोर तुलना करतो. ड्रॉपडाउनमधून "1" ही स्ट्रिंग आली आणि तुम्ही केस 1 लिहिली, तर जुळणार नाही. डिफॉल्ट चालेल.

याच्या उलट तक्रार म्हणजे 'एक केस जुळल्यावर खालच्या केसही चालतात'. ब्रेक नसेल तर तसंच होणार. जुळलेली केस ही फक्त आत शिरायची जागा असते, बाहेर पडायची जागा ब्रेक किंवा रिटर्नने तुम्हीच दाखवायची. शनिवार आणि रविवारला एकच उत्तर द्यायचं असेल तेव्हा या वागण्याचा उपयोग होतो, तिथे दोन केस एकाखाली एक लिहून टाका. जिथे मुद्दाम ब्रेक गाळला असेल तिथे तशी टीप लिहा, नाहीतर पुढचा माणूस ती चूक समजून दुरुस्त करेल.

|| आणि ?? यांत फरक काय?

|| डावी बाजू खोटी असली की उजवी घेतो, ?? मात्र डावीकडे नल किंवा अनडिफाइन्ड असेल तरच. 'गुण || "नोंद नाही"' असं लिहिलंत तर ज्या मुलाला खरोखर शून्य गुण मिळालेत त्याच्यापुढे 'नोंद नाही' छापलं जाईल. तिथे ?? हवा. तो 2020 च्या आवृत्तीत आला. या दोघांना एकाच ओळीत कंसाशिवाय मिसळलं तर प्रोग्राम सुरूच होत नाही, थेट सिंटॅक्स एरर येते.

फॉर-इन वापरू की फॉर-ऑफ?

ॲरेसाठी फॉर-ऑफ. फॉर-इन किमती देत नाही, नावं देतो. ॲरेवर चालवला तर "0", "1", "2" अशा स्ट्रिंग मिळतात, त्यात 1 मिळवायला गेलात की "01" तयार होतं. शिवाय वारशाने आलेल्या प्रॉपर्टीही त्यात घुसू शकतात. ऑब्जेक्टवर फिरायचं असेल तर 'ऑब्जेक्ट.एंट्रीज' घेऊन त्यावर फॉर-ऑफ चालवणं मला सर्वांत स्वच्छ वाटतं. साधा तीन भागांचा फॉर तेव्हा ठेवा जेव्हा मोजणी उलटी न्यायची असते किंवा एकेक घर सोडून जायचं असतं.

'मराठी' या शब्दावर लूप तीन वेळा का चालत नाही?

कारण फॉर-ऑफ युनिकोडचे सुटे घटक मोजतो. म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी, असा लूप पाच वेळा चालतो आणि काना वेगळा पडतो. शब्दकोडं, टायपिंगचा सराव किंवा अक्षरमर्यादा असलेला खोका करताना हे नडतं. आपण ज्याला अक्षर म्हणतो त्याप्रमाणे तोडायचं असेल तर भाषेत 'इंटल.सेगमेंटर' आहे. त्याला ग्राफीम या मापाने तोडायला सांगितलं की म, रा, ठी असे तीनच भाग मिळतात. फायरफॉक्समध्येही तो 2024 पासून असल्याने आता सगळ्या मोठ्या ब्राउझरांत चालतो. जोडाक्षरांबाबत सावध राहा: देवनागरी जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम युनिकोडच्या 2023 मधल्या 15.1 आवृत्तीत आला, त्यामुळे जुन्या ब्राउझरात 'क्ष' दोन तुकड्यांत निघू शकतो.

फॉरईचमधून मधेच बाहेर कसं पडायचं?

पडता येत नाही. फॉरईच हा लूप नाही, ते फंक्शन कॉल करणारं फंक्शन आहे. आत ब्रेक लिहिला तर सिंटॅक्स एरर, आणि रिटर्न लिहिला तर फक्त त्या एका घटकापुरतं काम संपतं. बाहेर पडायची शक्यता असेल तर फॉर-ऑफ घ्या, किंवा शोधायचंच असेल तर 'फाइंड' अथवा 'सम' (some) वापरा, ते सापडल्यावर स्वतःच थांबतात.

दोन लूप एकात एक आहेत. आतून थेट बाहेरच्या लूपमधून निघता येतं?

हो. बाहेरच्या लूपला लेबल द्या आणि ब्रेकपुढे ते नाव लिहा. गोटू जावास्क्रिप्टमध्ये नाही. मी स्वतः अशा वेळी आतला भाग वेगळ्या फंक्शनमध्ये काढून रिटर्न वापरणं पसंत करतो.

रिटर्नच्या खालच्या ओळीत ऑब्जेक्ट लिहिलं तर अनडिफाइन्ड का मिळतं?

रिटर्ननंतर ओळ संपली की जावास्क्रिप्ट तिथेच अर्धविराम आहे असं धरते. उघडणारा महिरपी कंस रिटर्नच्या ओळीतच हवा.

सेटटाइमआउटला शून्य दिलं, तरी ते सगळ्यात शेवटी का चालतं?

इथे थोडं थांबून वाचा, कारण पुढचे सगळे प्रश्न यावर उभे आहेत.

ब्राउझरच्या एका पानात तुमचा जावास्क्रिप्ट कोड एका वेळी एकाच ठिकाणी चालतो. पिठाची गिरणी डोळ्यांपुढे आणा. जातं एकच, डबे ओळीत ठेवलेले. एक डबा दळायला घेतला की तो पूर्ण दळून होईपर्यंत दुसरा घेत नाहीत, मग तुमचं पाव किलोच का असेना. सेटटाइमआउट म्हणजे ओळीत डबा ठेवणं. शून्य मिलिसेकंद याचा अर्थ 'आत्ता चालव' असा नाही, 'लवकरात लवकर ओळीत लाव' असा आहे. सध्या चालू असलेला कोड पूर्ण संपून हात मोकळा झाल्याशिवाय ओळीतल्या कोणाचाच नंबर लागत नाही. ही ओळ सांभाळणारी यंत्रणा म्हणजे इव्हेंट लूप.

ओळी मात्र दोन आहेत. सेटटाइमआउट, क्लिक, टायमर यांची कामं साध्या ओळीत जातात, त्यांना टास्क म्हणतात. प्रॉमिसच्या देनमध्ये, म्हणजे ते पूर्ण झाल्यावर चालवायला, दिलेली फंक्शन मायक्रोटास्कच्या ओळीत जातात. चालू काम संपलं की आधी मायक्रोटास्कची ओळ पूर्ण रिकामी केली जाते, आणि मगच पुढचा टास्क घेतला जातो.

समजा चार ओळी आहेत. पहिली कन्सोलवर 'अ' छापते. दुसरी सेटटाइमआउट शून्य देऊन 'ब' छापायला सांगते. तिसरी आधीच पूर्ण झालेल्या प्रॉमिसच्या देनमध्ये 'क' छापायला सांगते. चौथी 'ड' छापते. दिसणारा क्रम: अ, ड, क, ब. हा क्रम ब्राउझर बदलला तरी बदलत नाही. हे उदाहरण स्वतःच्या हाताने टाइप करून पाहा, आणि मग ओळी मागेपुढे करून आधी कागदावर उत्तर लिहा.

शून्य हे नेहमी शून्य राहत नाही, हेही जाता जाता. सेटटाइमआउटच्या आत सेटटाइमआउट अशी साखळी पाच पायऱ्यांच्या पुढे गेली की ब्राउझर किमान 4 मिलिसेकंदांचं अंतर ठेवतो. मागे पडलेल्या टॅबमध्ये टायमर याहून बरेच मंदावतात. म्हणून घड्याळ किंवा परीक्षेचा उलटा काउंटर करताना टायमर किती वेळा वाजला ते मोजू नका, दर वेळी खरी वेळ वाचा.

लूपमध्ये सेटटाइमआउट लावला. 0, 1, 2 ऐवजी 3, 3, 3 का येतं?

वरच्या नियमाप्रमाणे तिन्ही फंक्शन लूप पूर्ण संपल्यावर चालतात. मोजणीचं व्हेरिएबल व्हार ने केलं असेल तर ते तिघांत मिळून एकच असतं आणि तोपर्यंत 3 वर पोहोचलेलं असतं. लेट वापरलं की प्रत्येक फेरीला नवं व्हेरिएबल मिळतं. आज नवीन कोडमध्ये व्हार लिहिण्याचं कारण उरलेलं नाही.

अवेट लिहिल्यावर प्रोग्राम थांबतो का?

प्रोग्राम थांबत नाही. ते फंक्शन तेवढं थांबतं. असिंक फंक्शन कॉल केल्यावर पहिल्या अवेटपर्यंत ते नेहमीसारखं लगेच चालतं. अवेट आला की फंक्शन आपली जागा राखून बाजूला होतं आणि कॉल करणाऱ्याच्या हातात एक प्रॉमिस ठेवलं जातं. कॉल करणारा पुढच्या ओळीवर जातो. प्रॉमिस पूर्ण झालं की राहिलेला भाग मायक्रोटास्क म्हणून पुन्हा सुरू होतो.

'फंक्शनमधून डेटा रिटर्न केला, पण बाहेर प्रॉमिसच दिसतं' ही तक्रार इथूनच येते. असिंक फंक्शन नेहमी प्रॉमिसच देतं. बाहेरही अवेट लावा, आणि त्यासाठी बाहेरचं फंक्शनही असिंक करा. फंक्शनच्या बाहेर, फाइलच्या सर्वांत वरच्या पातळीवर अवेट फक्त मॉड्यूलमध्ये (इंपोर्ट-एक्स्पोर्ट वापरता येणाऱ्या फाइलमध्ये) चालतो.

एक धोका फार कमी ठिकाणी सांगितला जातो. अवेटच्या आधी तपासलेली अट अवेटनंतर खरी असेलच असं नाही. मधल्या वेळात इतर कोड चाललेला असतो. वापरणाऱ्याने शोधखोक्यात 'पुणे' लिहिलं, उत्तर यायच्या आत ते खोडून 'नाशिक' लिहिलं, आणि पुण्याचं उत्तर उशिरा आलं, तर नाशिकच्या मथळ्याखाली पुण्याची यादी दिसेल. म्हणून उत्तर आल्यावर, ते दाखवण्याआधी, खोक्यात अजून तोच शब्द आहे का हे पुन्हा तपासा.

लूपमध्ये अवेट वापरावा का?

कामं एकमेकांवर अवलंबून असतील तर जरूर. नसतील तर वेळ वाया जातो: प्रत्येकी एक सेकंद लागणाऱ्या तीन विनंत्या फॉर-ऑफमध्ये एकेक करून तीन सेकंद घेतात, आणि तिन्ही आधी सुरू करून 'प्रॉमिस.ऑल'वर अवेट केला तर साधारण एका सेकंदात काम होतं. ऑलमध्ये एक जरी फसलं तरी सगळं फसलं असं धरलं जातं. जितकं मिळेल तितकं हवं असेल तर 'ऑलसेटल्ड' घ्या.

फॉरईचच्या आत असिंक फंक्शन देऊ नका. तो कोणाचीच वाट पाहत नाही, आणि 'सर्व झालं' हा संदेश आधी छापला जातो.

ट्राय-कॅच लावूनही एरर का निसटते?

कॅचला फक्त ट्राय चालू असताना फेकलेली एरर सापडते. सेटटाइमआउटमध्ये दिलेलं फंक्शन चालेल तेव्हा ट्राय कधीच संपलेला असतो, त्यामुळे त्याचा ट्राय त्याच्या आतच हवा. प्रॉमिसचंही तसंच, अवेट नसेल तर एरर बाहेर पडते. याची बारीक आवृत्ती म्हणजे ट्रायच्या आत नुसतं प्रॉमिस रिटर्न करणं. तिथे 'रिटर्न अवेट' लिहिलं तरच तुमचा कॅच कामाला येतो.

आणि फेच या सर्व्हरकडे विनंती पाठवणाऱ्या फंक्शनबद्दल: सर्व्हरने 404 किंवा 500 दिलं तरी फेच एरर फेकत नाही, उत्तर आलं म्हणजे त्याच्या दृष्टीने काम झालं. 'ओके' ही प्रॉपर्टी तपासून एरर तुम्ही स्वतः फेकायची.

फायनलीमध्ये रिटर्न लिहिलं तर?

ते ट्रायमधल्या रिटर्नला मागे टाकतं, आणि फेकलेली एररही गिळून टाकतं. फायनलीत फक्त आवराआवर ठेवा.

बटणावर 'थांबा…' असं लिहायला सांगितलं, ते दिसलंच नाही आणि पान गोठलं. का?

पडद्यावर रंगवण्याचं कामही चालू टास्क संपायची वाट पाहतं. मजकूर बदलून लगेच जड लूप सुरू केला तर बदल पडद्यावर यायला संधीच मिळत नाही. सेकंदाला 60 वेळा रंगणाऱ्या पडद्यावर एका फेरीला जेमतेम 16.7 मिलिसेकंद असतात, आणि 50 मिलिसेकंदांहून मोठ्या कामाला ब्राउझर 'लाँग टास्क' म्हणून नोंदवतात. मोठं काम तुकडे करून सेटटाइमआउटने पुढे ढकला किंवा वेब वर्करकडे, म्हणजे पानापासून वेगळ्या चालणाऱ्या स्क्रिप्टकडे, द्या. प्रॉमिसने तुकडे करून फायदा नाही, कारण मायक्रोटास्कची ओळ संपेपर्यंतही रंगकाम थांबलेलंच असतं.

स्क्रिप्ट टॅग कोणत्या क्रमाने चालतात?

साधा टॅग आला की पान वाचणं थांबतं आणि तो चालतो. म्हणूनच वर ठेवलेल्या स्क्रिप्टला खालचं बटण सापडत नाही. बाहेरच्या फाइलला डिफर लावलं तर पान पूर्ण वाचून झाल्यावर, लिहिलेल्या क्रमाने चालते. असिंक लावलं तर जी आधी उतरेल ती आधी. मॉड्यूल मुळातच डिफरसारखं वागतं. एका टॅगमध्ये एरर आली तरी पुढचा टॅग चालतो.

कोड कुठल्या वाटेने गेला हे प्रत्यक्ष पाहता येतं का?

येतं, आणि कन्सोलवर छापत बसण्यापेक्षा त्याने लवकर उलगडतं. एफ12 दाबा, क्रोममध्ये सोर्सेसमध्ये आणि फायरफॉक्समध्ये डीबगरमध्ये जा, ओळीच्या क्रमांकावर क्लिक करून ब्रेकपॉइंट लावा. कोडमध्येच 'डीबगर' हे विधान लिहिलं तरी, टूल उघडी असताना, तिथे थांबा येतो. मग एकेक ओळ पुढे न्या आणि शेजारचा कॉल स्टॅक वाचा. कोणी कोणाला बोलावलं ते त्यात खालून वर दिसतं, आणि अवेट ओलांडून आलेला भाग 'असिंक' अशा खुणेने वेगळा दाखवलेला असतो. फक्त एका विशिष्ट घटकावरच चूक होत असेल तर ब्रेकपॉइंटवर राइट क्लिक करून अट द्या, म्हणजे हजार फेऱ्यांच्या लूपमध्येही नेमक्या त्याच फेरीला थांबता येतं.